जुन्या थायरॉइड रिपोर्टवरचं 'आरआयए' म्हणजे नक्की काय?

चिंचेची_पानं
घर शिफ्ट करताना सासूबाईंची जुनी फाईल हाती लागली. त्यात १९८९ चे थायरॉइडचे रिपोर्ट आहेत, टाइपरायटरवर केलेले, टी-३, टी-४ (थायरॉइडची हार्मोन), टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) आणि खाली बारीक अक्षरात 'मेथड : आरआयए'. नवऱ्याने लगेच गूगल करून सगळ्यांना वाचून दाखवलं की हे रेडिओइम्युनोॲसे, यात रेडिओॲक्टिव्ह आयोडिन वापरतात. झालं. तेव्हा नणंद पोटात होती आणि आपल्याला न सांगता रेडिएशन दिलं असं सासूबाईंच्या डोक्यात बसलंय, आता नणंदेची प्रत्येक तक्रार, अगदी केस पिकण्यापासून, त्या खात्यात जमा होतेय. इथे लॅबवाले आणि डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते, खरंच काही दिलं जायचं का? आणि आताच्या रिपोर्टवर 'सीएलआयए' लिहिलेलं असतं, मग ती जुनी पद्धत धोक्याची होती म्हणून बंद केली का?

भटका_जोशी
माझ्या मावशीला थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडिन पाजलं होतं. काही दिवस वेगळ्या खोलीत, नातवंडांना जवळ घ्यायचं नाही वगैरे. तेच असणार हे.

गॅमाकाका
जोशीबुवा, ते वेगळं आणि हे वेगळं. मावशींना दिलं ते औषध, आयोडिन-१३१, मिलिक्युरीच्या (रेडिओॲक्टिव्हिटीचं माप, मायक्रोक्युरीच्या हजारपट) हिशोबात, आणि ते पोटात घ्यायचं. आरआयएत पेशंटच्या अंगात काहीही जात नाही. रक्त काढलं, पेशंट घरी गेला, त्याचा संबंध तिथे संपला. मग त्या रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी) वेगळं करून पुढे जे काय व्हायचं ते ट्यूबमध्ये. रेडिओॲक्टिव्हिटी फक्त त्या ट्यूबमध्ये आणि तीही मायक्रोक्युरीचा काही शतांश भाग, म्हणजे मावशींच्या डोसच्या लाखाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. चिंचेची पानं ताई, सासूबाईंना सांगा की रेडिएशन कोणाला मिळालंच असेल तर माझ्यासारख्या टेक्निशियनला, आणि मी ठणठणीत आहे. नणंदेचं काय ते तुमचं तुम्ही बघा (हलकेच घ्या).

मी त्याच काळात परळ भागात एका लॅबमध्ये आरआयए लावायचो, म्हणून सांगू शकतो. सविस्तर रात्री टाइप करतो.

सोनटक्का
वा, काका आले म्हणजे धागा रुळावर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गॅमाकाका
हां, आता निवांत.

रक्तात टी-३, टी-४, इन्सुलिन असल्या गोष्टी इतक्या कमी असतात की साध्या केमिस्ट्रीने, म्हणजे रंग आणून वगैरे, त्या सापडतच नाहीत. शुगर रक्तात डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतो, टी-३ नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यात सीरममध्ये बाकी प्रोटीनचा नुसता चिखल. त्यातून नेमका तोच रेणू ओळखणार कोण, तर अँटीबॉडी. जनावराला तो पदार्थ टोचून त्याच्याविरुद्ध तयार करून घेतलेली.

आता गंमत बघा. समजा एसटीत ४० सीट आहेत. कंपनीने पिवळ्या टोप्या घातलेली ६० माणसं स्टँडवर आणून सोडली आणि गावातली बिनटोपीची किती माणसं गाडीला येणार ते आपल्याला माहीत नाही. दार उघडलं, सगळे घुसले. आता गावकरी मोजायची गरजच नाही, सीटवर बसलेल्या पिवळ्या टोप्या मोजा. टोप्या भरपूर दिसल्या तर गावकरी थोडे, टोप्या कमी दिसल्या तर गावकऱ्यांनी जागा पटकावल्यात. सीट म्हणजे अँटीबॉडी, पिवळी टोपी म्हणजे आयोडिन-१२५ लावलेलं हार्मोन, गावकरी म्हणजे पेशंटचं हार्मोन. म्हणून आरआयएत सगळं उलटं असतं, काउंट (म्हणजे काउंटर मशीनने मोजलेली रेडिओॲक्टिव्हिटी) जेवढे कमी तेवढं हार्मोन जास्त. नवीन पोरं पहिले काही दिवस इथेच गोंधळायची.

रानमेवा
काका, एक शंका. बसलेले आणि उभे राहिलेले वेगळे कसे करायचे? ट्यूबमध्ये तर सगळं एकत्रच ना? काउंटरला काय कळणार कोणती टोपी बसली आहे आणि कोणती उभी आहे?

गॅमाकाका
रानमेवा, बरोबर पकडलंत, खरं काम तिथेच आहे. काउंटर डोळे झाकून सगळंच मोजणार. म्हणून मोजायच्या आधी चिकटलेलं आणि सुटं वेगळं करावं लागतं. अगदी सुरुवातीला कागदावर विजेच्या जोरावर वेगळं करायचे, नंतर कोळशाची पूड आली, सुटं हार्मोन ती धरून ठेवते. आमच्या वेळच्या किटमध्ये दुसरी अँटीबॉडी (पहिलीला पकडणारी) आणि पीईजी नावाचं केमिकल असायचं. ते घातलं की अँटीबॉडीला चिकटलेला सगळा माल जड होतो, सेंट्रिफ्यूज केलं की तळाला बसतो. मग ट्यूबची अख्खी स्टँड एका झटक्यात उलटी करायची, वरचं पाणी गेलं पाहिजे आणि तळाचा पांढरा ठिपका हलता कामा नये. उलटी ठेवूनच ब्लॉटिंग पेपरवर टेकवायची, तोंडाशी थेंब राहिला तर तो टिपून घ्यायचा, नाहीतर त्या थेंबातल्या सुट्या टोप्या काउंटमध्ये शिरल्याच म्हणून समजा. हात थरथरला आणि ठिपका सरकला की ट्यूब गेली. म्हणून प्रत्येक सॅम्पल दोन-दोन ट्यूबमध्ये लावायचं, दोघांचे काउंट जुळले नाहीत तर परत.

टी-४ ला अजून एक भानगड. ते रक्तात जवळजवळ सगळंच स्वतःच्या प्रोटीनला घट्ट धरून बसलेलं असतं, ते सोडवायला किटच्या बफरमध्येच एक केमिकल असायचं. नाहीतर गावकरी स्टँडवर येणारच नाहीत.

मग गॅमा काउंटर. शिशाच्या विहिरीत एक-एक ट्यूब टाकायची, मिनिटभर थांबायचं, आकडा लिहायचा. माहीत असलेल्या प्रमाणाचे स्टँडर्ड असायचे त्यांचा ग्राफ सेमीलॉग पेपरवर हाताने काढायचा, आणि पेशंटचा आकडा त्या वळणावर कुठे बसतो ते पट्टीने बघायचं. १९८९ चा रिपोर्ट असेल तर त्यातला टी-३ चा आकडा कोणीतरी असाच पट्टी लावून वाचलेला असण्याची दाट शक्यता आहे.

चिंचेची_पानं
काका __/\__ सासूबाईंना एसटीचं उदाहरण वाचून दाखवलं. पटलं. पण आता म्हणतायत की मग एवढं सगळं करून तेव्हा पाचशे रुपये का घेतले नाहीत.

अनुस्वार
काकांनी पद्धत सांगितली, जन्मकथा मी सांगतो कारण माझा हा आवडता विषय आहे आणि घरी कोणी ऐकत नाही.

ही गोष्ट सुरू झाली डायबेटिसपासून. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्सला माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल आहे. तिथे १९४७ मध्ये रोझलिन यॅलो या बाईंनी रेडिओआयसोटोपची लॅब सुरू केली, ती जागा आधी झाडू-बादल्या ठेवायची खोली होती. बाई फिजिक्सच्या. इलिनॉय विद्यापीठात इंजिनीअरिंग कॉलेजच्या ४०० जणांच्या स्टाफमध्ये एकट्या बाई, तिथे ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये ए-मायनस पडला तर विभागप्रमुख म्हणे बघा, बायकांना प्रयोग जमत नाहीत ते सिद्ध झालं. त्याआधी शॉर्टहँड शिकून सेक्रेटरीचं काम करत होत्या, ॲडमिशन मिळाल्यावर शॉर्टहँडची पुस्तकं फाडून टाकली. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्याकडे आला. तो व्हायोलिन वाजवणारा, बुद्धिबळ खेळणारा, त्याला शरीरशास्त्र येत होतं, यांना फिजिक्स. दोघांनी एकमेकांना शिकवलं आणि तो जाईपर्यंत, २२ वर्षं, एकत्र काम केलं.

त्या काळी एक थिअरी होती की मोठ्या वयात डायबेटिस होणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होतं पण लिव्हरमधलं एक एन्झाइम ते फार पटकन नष्ट करतं. ठीक आहे, तपासूया म्हणून यांनी आयोडिन-१३१ लावलेलं इन्सुलिन लोकांना शिरेतून दिलं (इथे मात्र खरंच अंगात दिलं होतं बरं का, चिंचेची पानं, पण तो प्रयोग होता) आणि ते रक्तातून किती वेगाने नाहीसं होतं ते मोजलं. अपेक्षा अशी की डायबेटिसवाल्यांत लवकर जाईल. निघालं उलटंच, ते जास्त वेळ रेंगाळत होतं. अजून बघितलं तर नवीन पेशंट, ज्यांनी कधी इन्सुलिन घेतलंच नाही, त्यांच्यात रेंगाळत नव्हतं. आणि ज्यांना डायबेटिस नव्हता पण स्किझोफ्रेनियासाठी त्या काळी देत ती इन्सुलिन शॉक ट्रीटमेंट झाली होती, त्यांच्यात रेंगाळत होतं! म्हणजे रोगाचा संबंधच नाही, ज्याने आधी इन्सुलिनची इंजेक्शनं घेतली त्याच्या रक्तात काहीतरी आहे जे इन्सुलिन धरून ठेवतंय. ते काहीतरी म्हणजे अँटीबॉडी. इन्सुलिन तेव्हा गाईचं आणि डुकराचं असायचं ना.

सोनटक्का
बापरे, शॉक ट्रीटमेंटवाले पेशंट हा तर अस्सल डिटेक्टिव्ह मसाला. पुढे?

अनुस्वार
पुढे भांडण. इन्सुलिनचा रेणू इतका छोटा की त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनूच शकत नाही असं तेव्हा जाणकारांचं ठाम मत. पेपर 'सायन्स'ने परत पाठवला, 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'नेही आधी नकार दिला, शेवटी शीर्षकातून 'अँटीबॉडी' काढून 'इन्सुलिन धरणारं ग्लोब्युलिन' असं गुळमुळीत लिहिल्यावर १९५६ मध्ये छापला. यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७ मध्ये नोबेलच्या भाषणात सगळ्यांना दाखवलं. मला विचाराल तर नोबेलपेक्षा तो क्षण भारी.

आणि खरी उडी त्यानंतरची आहे. अँटीबॉडी लेबलवालं इन्सुलिन धरते, साधं इन्सुलिन घातलं की लेबलवालं हटतं, मग किती हटलं त्यावरून साधं किती होतं ते कळेल की! काकांची एसटी. त्यासाठी गिनिपिगच्या अँटीबॉडी वापरल्या, कारण गिनिपिगचं इन्सुलिन बाकी प्राण्यांपेक्षा बरंच वेगळं असतं, त्यामुळे गाईचं टोचलं की ते जोरदार अँटीबॉडी बनवतात आणि त्या माणसाचं इन्सुलिनही पकडतात. १९५९-६० मध्ये माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन पहिल्यांदा असं मोजलं गेलं. त्याआधी उंदराच्या स्नायूचा तुकडा सीरममध्ये ठेवून तो किती ग्लुकोज खातो यावरून अंदाज बांधायचे.

निकाल काय आला? मोठ्या वयात डायबेटिस झालेल्या बऱ्याच लोकांत इन्सुलिन कमी नव्हतंच, उलट जास्त होतं. आज पीसीओडी, फास्टिंग इन्सुलिन, इन्सुलिन रेझिस्टन्स हे जे घराघरात बोललं जातं त्याचा पहिला पुरावा हा.

पेठेतला_पक्या
अनुस्वार, मस्त लिहिलंय पण बर्सनचं काय? नोबेल बाईंनाच का?

अनुस्वार
बर्सन १९७२ मध्ये गेला आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. १९७७ चं अर्धं यॅलोंना, उरलेलं अर्धं गिय्यमां आणि शॅली या दोघांत, मेंदूतल्या हार्मोनवरच्या कामासाठी, आणि त्या कामातही आरआयए होतीच. बाईंनी लॅबला बर्सनचं नाव दिलं होतं, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक पेपरवर त्याचं नाव छापलं जाणार.

शेअरखान_पाटील
पेटंट घेतलं असेल तर पुढच्या सात पिढ्या...

अनुस्वार
नाही घेतलं. दोघांनीही.

शेअरखान_पाटील
अरेरे.

रानमेवा
पाटील, अरेरे कशाला? पेटंट असतं तर प्रत्येक ट्यूबमागे रॉयल्टी, मग परळच्या लॅबमध्ये किट कधी आलं असतं सांगा. पैसे कमावू नयेत असं मी म्हणत नाही, पण सरकारी पगारावर, सरकारी हॉस्पिटलमध्ये, सैनिकांवर केलेला प्रयोग होता हेही बघा.

गॅमाकाका
रानमेवाशी सहमत. आणि आपल्याकडची बाजू सांगतो. परळलाच टाटा हॉस्पिटलच्या आवारात बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासून, थायरॉइडचं काम तिथे फार मोठं. आणि किट बनवण्याचं काम बीएआरसीतून सुरू होऊन पुढे वाशीला 'ब्रिट'कडे आलं, ते पण अणुऊर्जा खात्याचंच. टी-३, टी-४, टीएसएचची देशी किटं तिथली. इम्पोर्टेड किटचा भाव बघता लहान लॅबना हा मोठा आधार होता.

यात पद्धत मागे का पडली त्याचंही उत्तर आलं. आयोडिन-१२५ साठ दिवसांत अर्धं होतं, म्हणजे किट आलं त्या दिवसापासून टोप्यांचा रंग उडायला लागलेला. वापरा नाहीतर फेका. वर परवानगी, रजिस्टर, कचऱ्याचा हिशोब. दोनचार पेशंटसाठी कोणी अख्खी रन लावत नव्हतं, सॅम्पल साठवून ठरलेल्या वारी लावायचो, म्हणून रिपोर्टला आठवडा. धोका हे कारण नव्हतंच, कटकट हे कारण होतं. १९७१ मध्ये स्वीडन आणि हॉलंडमधल्या दोन गटांनी आयोडिनऐवजी रंग आणणारं एन्झाइम लावून दाखवलं, ती एलायझा. मग प्रकाश देणारं केमिकल लावलं, ती तुमची सीएलआयए. टोपीचा रंग बदलला, एसटी तीच.

चिंचेची_पानं
मग टीएसएच पण तसंच, कमी काउंट म्हणजे जास्त टीएसएच?

गॅमाकाका
छान प्रश्न. जुन्या टीएसएच आरआयएत तसंच, पण तिची नजर कमजोर होती. टीएसएच वाढलेलं कळायचं, पण नॉर्मल आणि फारच कमी यातला फरक कळायचा नाही. थायरॉइड जास्त काम करायला लागलं की टीएसएच खाली जातं, त्यामुळे थायरॉइड जास्त काम करतंय हे नुसत्या टीएसएचवरून सांगताच यायचं नाही. नंतर आयआरएमए आली, त्यात लेबल हार्मोनला नाही, अँटीबॉडीला. एक अँटीबॉडी ट्यूबला चिकटवलेली, ती टीएसएच पकडते, लेबलवाली दुसरी वरून येऊन बसते, सँडविच. तिथे काउंट जास्त म्हणजे हार्मोन जास्त, सरळ हिशोब. घरी करायची प्रेग्नन्सी टेस्ट, कोविडची पट्टी, सगळी सँडविचं.

डॉ_मोरपीस
धागा उशिरा बघितला. काकांच्या सरळ-उलट हिशोबावरून एक कामाची गोष्ट, कारण आजही यात लोक फसतात.

बऱ्याच नवीन मशीनमध्ये अँटीबॉडी पकडून ठेवायला बायोटिन वापरतात. आणि केस गळतात म्हणून ज्या गोळ्या मेडिकलमधून घेतल्या जातात त्यात ५-१० मिलिग्रॅम बायोटिन असतं, रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. हे जास्तीचं बायोटिन सॅम्पलमध्ये असलं की जोडणी बिघडते आणि मशीनला सिग्नल कमी मिळतो. आता काकांचा नियम लावा. टीएसएच सँडविच, सिग्नल कमी म्हणजे टीएसएच कमी दिसणार. टी-३, टी-४ एसटीवाले, सिग्नल कमी म्हणजे हार्मोन जास्त दिसणार. टीएसएच कमी, टी-४ जास्त, म्हणजे कागदावर थेट हायपरथायरॉइड! माणूस धडधाकट. माझ्याकडे एक मुलगी अशीच फाईल घेऊन आली, दुसरीकडे गोळ्या सुरू करायच्या बेतात होते. पर्समधून केसांच्या गोळ्यांची स्ट्रिप निघाली, ती बंद करून टेस्ट परत केली, सगळं नॉर्मल. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशाराही दिलाय, कारण हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन टेस्टमध्ये खोटा कमी आकडा आला तर जिवावर बेतू शकतं.

सोनटक्का
डॉक्टर, मी रोज घेते ती गोळी!! थायरॉइड टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. किती दिवस आधी बंद करू?

डॉ_मोरपीस
साधारण दोन-तीन दिवस, डोस मोठा असेल तर जास्त. सगळ्याच मशीनला हा त्रास नाही, म्हणून लॅबला आधी सांगा की बायोटिन घेते. आणि थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, लोक 'गोळी बंद' म्हटलं की तीच बंद करतात.

पेठेतला_पक्या
मग आरआयए आता पूर्ण मेली का?

डॉ_मोरपीस
नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस नावाचा आजार आहे, पापण्या पडतात, स्नायू थकतात. यात शरीर स्वतःच्याच स्नायूंवरच्या रिसेप्टरविरुद्ध (नसेचा निरोप झेलणाऱ्या जागांविरुद्ध) अँटीबॉडी बनवतं. त्या मोजायला रिसेप्टरला लेबल हवं आणि त्याला घट्ट चिकटणारी गोष्ट निसर्गाने बनवूनच ठेवली आहे, मण्यारीच्या जातीतल्या एका तैवान-चीनकडच्या सापाचं विष. ते शुद्ध करून त्याला आयोडिन-१२५ लावतात आणि त्याने रिसेप्टर चिन्हांकित करतात. ही टेस्ट मोठ्या लॅबमध्ये आजही रेडिओॲक्टिव्हनेच होते.

भटका_जोशी
मण्यारीचं विष आणि रेडिओॲक्टिव्ह. चिंचेची पानं ताई, हा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवू नका.

चिंचेची_पानं
उशीर झाला, नवऱ्याने मोठ्याने वाचला. आता नणंदेच्या पापण्यांकडे बघतायत.